दुरुस्ती एका ओळीची, पण ती तुमच्या फोनपर्यंत पोहोचली का? डेटाबेसमधल्या ‘इंटिजर ओव्हरफ्लो’ची गोष्ट

जुलै २०२५ मध्ये गुगलने एक बातमी जाहीर केली. कंपनीच्या ‘बिग स्लीप’ या एआयने एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये एक गंभीर त्रुटी हेरली होती. गुगलच्या म्हणण्यानुसार ही त्रुटी तोवर फक्त हल्लेखोरांनाच माहीत होती आणि तिचा गैरवापर होण्याआधीच ती बुजवण्यात आली.

बातमी आली तेव्हा चर्चा मुख्यतः एआयची झाली. पण ती त्रुटी नेमकी होती काय? तर एक संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावत नव्हती. बस्स, एवढंच.

संख्या जागेत न मावणं ही संगणकाच्या जगातली फार जुनी दुखणी आहे. तिचं नाव ‘इंटिजर ओव्हरफ्लो’. कितीतरी वेळा ही चूक एका ओळीत दुरुस्त होते. तरीही ती २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा का सापडते आणि त्याचा तुमच्या फोनशी काय संबंध, हे समजून घेऊया.

एसक्यूलाइट तुमच्या फोनमध्ये कुठून आलं?

डेटाबेस म्हटलं की बँकेची सर्व्हर रूम डोळ्यांसमोर येते. पण जगात सर्वात जास्त ठिकाणी बसवलेला डेटाबेस बहुधा तुमच्या खिशातच आहे. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने २००० साली एसक्यूलाइट तयार केलं. ते फुकट आहे, आकाराने लहान आहे आणि चालवायला वेगळा सर्व्हर लागत नाही. त्यामुळे अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींमध्ये ते आधीपासूनच असतं. ब्राउझरची हिस्ट्री, फोनमधले कॉन्टॅक्ट, चॅट ॲपमधले मेसेज अशा कितीतरी गोष्टी एसक्यूलाइटच्या फायलींमध्ये साठवलेल्या असतात.

आज जगात एक लाख कोटींहून जास्त एसक्यूलाइट डेटाबेस वापरात असावेत, असा ते बनवणाऱ्यांचाच अंदाज आहे. आणि हे सांभाळणारी मुख्य टीम मोजून काही लोकांची आहे.

इंटिजर ओव्हरफ्लो म्हणजे काय?

जुन्या स्कूटरचा किलोमीटर मीटर आठवा. त्यात आकड्यांची पाच घरं असायची. ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढच्या किलोमीटरला मीटर ००,००० दाखवायचा. स्कूटर नवी व्हायची नाही, फक्त मीटरमधली घरं संपलेली असायची.

संगणकाचंही तसंच आहे. प्रोग्राममध्ये संख्या ठेवायला ठरावीक मापाची जागा असते. सर्वात जास्त वापरली जाणारी जागा ३२ बिटांची. त्यात अधिक आणि उणे अशा दोन्ही संख्या ठेवायच्या असतील, तर मावणारी सर्वात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७, म्हणजे सुमारे २१४ कोटी ७५ लाख. त्यात आणखी एक मिळवला की बहुतेक यंत्रांवर आकडा एकदम उणे २,१४,७४,८३,६४८ होतो. वरच्या टोकावरून घसरला तो थेट खालच्या टोकाला.

२१४ कोटी हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. पण आपल्याच रोजच्या आकड्यांशी ताडून बघा. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे तो या जागेत मावतच नाही. आधार क्रमांक बारा अंकी, त्याचा तर प्रश्नच नाही. एखाद्या ॲपने रक्कम पैशांत मोजून या जागेत ठेवली, तर मर्यादा येते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मुंबईतल्या एका फ्लॅटचा व्यवहारही त्यात बसेलच असं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. दिवसाला साधारण ६५ कोटी. एवढ्या व्यवहारांना ३२ बिटांचा अनुक्रमांक द्यायचा म्हटलं, तर चौथ्या दिवशी आकडे संपतील.

आकडा संपला तर काय होतं?

दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली म्हणजे काम ठप्प होतं.

जून २००९ मध्ये ट्विटरवर हे घडलं. प्रत्येक ट्विटला एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक त्या महिन्यात २१४ कोटींचा टप्पा ओलांडून गेला. ट्विटरची स्वतःची यंत्रणा तयार होती. पण बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या काही ॲपमध्ये हा क्रमांक ३२ बिटांच्या जागेत ठेवला जात होता. ती ॲप बिघडली. लोकांनी या प्रकाराला ‘ट्विटपोकॅलिप्स’ असं नाव दिलं होतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या ऑफिसकामासाठीच्या सेवेची हीच गत झाली. त्यांच्या डेटाबेसमधल्या एका तक्त्यात प्रत्येक हालचालीची नोंद व्हायची आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळायचा. क्रमांक २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचला आणि नवीन नोंद घेणंच बंद झालं. जवळपास पाच तास ग्राहकांना जुनं काम फक्त पाहता येत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं.

गंमत अशी की बेसकॅम्प ज्या ‘रेल्स’वर चालतं, त्या रेल्समध्ये २०१७ पासूनच नव्या तक्त्यांचे क्रमांक ६४ बिटांचे केले गेले होते. आणि रेल्सचा जन्मही याच कंपनीतला. पण त्यांचा तक्ता त्याआधीचा होता. नवा नियम जुन्या तक्त्याला आपोआप लागू झाला नाही.

दुसरी गोष्ट जास्त धोकादायक. इथे काम ठप्प होत नाही, काम चुकीच्या हिशोबावर चालूच राहतं.

लग्नघरातलं उदाहरण घ्या. पाहुण्यांची संख्या लिहायच्या वहीत चारच रकाने आहेत. पाहुणे येणार १०,०५०. वहीत पहिला अंक मावला नाही, म्हणून नोंद झाली ००५०. मांडववाल्याने वही पाहून पन्नास माणसांचा मांडव घातला. प्रत्यक्षात दहा हजार लोक आले. ते मांडवात मावणार नाहीत, शेजाऱ्यांच्या अंगणात, ओट्यावर, घरात शिरणार.

डेटाबेस असाच फसतो. एखादा मजकूर ठेवायला किती मेमरी लागेल याचा तो आधी हिशोब करतो. गुणाकारात ओव्हरफ्लो झाला, तर उत्तर खूप लहान येतं आणि तेवढीच लहान जागा घेतली जाते. पण मजकूर मात्र मूळ आकाराचाच ओतला जातो. तो शेजारच्या मेमरीत सांडतो आणि तिथली माहिती पुसून टाकतो. बहुतेक वेळा प्रोग्राम कोसळतो. पण हल्लेखोराने मजकूर हुशारीने बेतला असेल, तर शेजारच्या जागेत त्याला हवं ते लिहून घेता येतं. मग संगणक त्याच्या सूचना पाळू लागतो.

बावीस वर्षं लपून राहिलेली चूक

२०२२ साली ट्रेल ऑफ बिट्स या सुरक्षा कंपनीने एसक्यूलाइटमध्ये अशीच एक चूक शोधली. नोंद झाली सीव्हीई-२०२२-३५७३७ या क्रमांकाने. ती कोडमध्ये शिरली होती २००० साली. म्हणजे बावीस वर्षं ती तिथेच होती.

एसक्यूलाइट हलगर्जीपणाने बनवलं जातं म्हणावं, तर तसंही नाही. मूळ कोडच्या सुमारे ५९० पट कोड फक्त चाचण्यांसाठी लिहिलेला आहे, असं टीम सांगते. कोडमधला प्रत्येक फाटा चाचणीत तपासला जातो. मग ही चूक सुटली कशी?

कारण २००० साली ती व्यवहारात चूक नव्हतीच. ती घडायला एकच मजकूर गिगाबाइटच्या घरातला लागतो. तेव्हाच्या घरगुती संगणकांची मेमरी मेगाबाइटमध्ये मोजली जायची. यंत्रंही बहुतांश ३२ बिटांची होती. एवढा मोठा मजकूर तिथे उभाच राहू शकत नव्हता. मजकूर मोजायला ३२ बिटांची जागा पुरेल, हा हिशोब त्या काळात बरोबर होता.

पुढे यंत्रं ६४ बिटांची झाली. दोन-चार गिगाबाइट मेमरी साध्या फोनमध्ये आली. कोडची ती ओळ कुणी बदलली नव्हती, बदललं होतं तिच्या भोवतीचं जग. आणि चाचण्या ‘कोडचा हा फाटा चालतो का’ हे तपासत होत्या. ‘याच फाट्यावर दोनशे कोटी अक्षरं पाठवली तर?’ हा वेगळा प्रश्न आहे.

१४ जुलै २०२२ ला ही त्रुटी कळवण्यात आली. १८ जुलैला कोड दुरुस्त झाला आणि २१ जुलैला ३.३९.२ ही आवृत्ती बाहेर पडली. बावीस वर्षांची चूक एका आठवड्यात संपली. दुरुस्तीचा गाभा काय होता? मजकूर मोजणारे आकडे ३२ ऐवजी ६४ बिटांच्या जागेत ठेवले.

मग सगळं ६४ बिटांचं करून टाकलं तर?

६४ बिटांच्या जागेत मावणारी सर्वात मोठी संख्या आहे ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. दर सेकंदाला एक कोटी नोंदी केल्या, तरी ती गाठायला २९ हजार वर्षं लागतील. मग प्रश्न मिटला की!

तसं होत नाही. याचं उत्तम उदाहरण एसक्यूलाइटमध्येच आहे. अनेक मजकूर एकमेकांना जोडून त्यांच्यामध्ये स्वल्पविरामासारखं एखादं चिन्ह टाकणारी ‘कॉन्कॅट डब्ल्यूएस’ ही सोय त्यात २०२३ मध्ये आली. एकूण लांबी ठेवायला ६४ बिटांची जागाच घेतलेली होती. पण मधल्या चिन्हाची लांबी गुणिले ते किती वेळा येणार, हा गुणाकार ३२ बिटांत होत होता. उत्तर आधी कापलं जायचं आणि मग मोठ्या जागेत नीट ठेवलं जायचं. पातेलं मोठं घेतलं, पण तांदूळ मोजले फुटक्या मापाने.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.४९.१ या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. बदल होता फक्त एका ओळीतला: गुणाकारच ६४ बिटांत कर, असं संगणकाला सांगितलं गेलं. म्हणजे ही चूक फक्त जुन्या कोडमध्ये असते, हा समजही खरा नाही. २०२३ साली, एवढ्या अनुभवानंतर लिहिलेल्या कोडमध्येही ती आली.

दुसरी अडचण जागेची आणि जुन्या वारशाची. पोस्टग्रेस या मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये प्रत्येक बदलाला जो अंतर्गत क्रमांक मिळतो, तो मुळात ३२ बिटांचा आहे आणि तो प्रत्येक ओळीसोबत साठवला जातो. तो दुप्पट करायचा, तर जगभरातल्या अब्जावधी ओळी फुगतील. म्हणून तिथे जुने क्रमांक वेळोवेळी मोकळे करून पुन्हा वापरायची पद्धत आहे. ही साफसफाई फारच रखडली, तर डेटा वाचवण्यासाठी डेटाबेस स्वतःहून नवीन बदल थांबवतो.

दुरुस्ती करताना फसायला कसं होतं?

सर्वात सरळ उपाय म्हणजे हिशोब करण्याआधी ‘हे उत्तर मावेल का’ हे तपासणं. पण अनेक प्रोग्रामर उलटं करायचे: आधी बेरीज करायची आणि उत्तर अचानक लहान झालंय का ते पाहायचं.

बहुतेक डेटाबेस सी किंवा सी++ या भाषांत लिहिलेले असतात. सी भाषेचा नियम असा की अधिक-उणे संख्यांमध्ये ओव्हरफ्लो झाला, तर पुढे काय होईल याची भाषा कोणतीही हमी देत नाही. त्यामुळे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर असं गृहीत धरतो की ओव्हरफ्लो होणारच नाही. मग ‘उत्तर लहान झालं का’ ही तपासणी त्याला निरर्थक वाटते आणि वेग वाढवण्यासाठी तो ती काढून टाकू शकतो. कोड वाचणाऱ्याला दारावर पहारेकरी दिसतो, पण प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्राममध्ये तो नसतोच.

पोस्टग्रेसने यावर दोन उपाय केले आहेत. कंपायलरला असं गृहीत धरू नको अशी सूचना दिली जाते. शिवाय बेरीज, वजाबाकी, गुणाकार करून ‘मावलं की नाही’ हेही सांगणारी तयार साधनं ठेवली आहेत.

तरीही एखादी जागा सुटतेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोस्टग्रेसच्या तेव्हाच्या सर्व चालू आवृत्त्यांमध्ये एक गंभीर त्रुटी दुरुस्त करावी लागली. यादीसारखा डेटा बदलताना ओव्हरफ्लोची तपासणी राहून गेली होती. डेटाबेसमध्ये लॉगिन असलेल्या कुणालाही त्यातून सर्व्हरवर आपला कोड चालवता आला असता. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा एक दुरुस्ती आली. या वेळी चूक ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागात होती. मेमरीचा हिशोब लहान निघायचा आणि ॲप कोसळायचं.

आणि जुलै २०२५ मधली ती एआयने शोधलेली त्रुटी? तिथे दुरुस्तीचा तिसरा मार्ग वापरला गेला. बेरीज, सरासरी, मोजणी अशा घटकांची संख्या एकाच प्रश्नात मर्यादेबाहेर गेली, तर एसक्यूलाइट आता सुरुवातीलाच ‘हे जमणार नाही’ म्हणतं. सगळं सामावून घेण्यापेक्षा वेळेवर नाही म्हणणं जास्त सुरक्षित.

खरी अडचण दुरुस्तीनंतर सुरू होते

आतापर्यंतच्या उदाहरणांत एक गोष्ट दिसली असेल. चूक कळल्यावर कोड दुरुस्त व्हायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो दुरुस्त कोड सगळीकडे पोहोचायला.

एसक्यूलाइट ॲप स्टोअरवरून घ्यायचं ॲप नाही. त्याचा सगळा कोड एका मोठ्या फाइलमध्ये मिळतो. ती फाइल घ्यायची आणि आपल्या ॲपमध्ये टाकायची, इतकं सोपं. याच सोपेपणामुळे ते जगभर पसरलं आणि याच सोपेपणामुळे त्याच्या प्रती कुठे कुठे आहेत याची एकत्र नोंद कुठेच नाही.

तुमच्या एका फोनमध्येच अनेक प्रती असू शकतात. एक फोनच्या सिस्टिममधली, एक ब्राउझरने स्वतःसोबत आणलेली, आणखी काही इतर ॲपमधल्या. सिस्टिममधली प्रत सिस्टिम अपडेट आल्यावरच बदलते. ॲपमधली प्रत ते ॲप बनवणाऱ्याने नवी फाइल घातली आणि तुम्ही ॲप अपडेट केलं, तरच बदलते. चार वर्षं जुना फोन, ज्याला कंपनीने अपडेट देणं थांबवलंय, त्याच्या सिस्टिममध्ये जुनीच प्रत राहते. टीव्ही, गाड्यांमधली स्क्रीन, दुकानातली यंत्रं यांचा विचार तर बहुतेकांच्या मनातही येत नाही.

यात आणखी एक पेच आहे. दुरुस्ती जाहीर झाली की चूक कुठे होती हे हल्लेखोरांनाही कळतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की बदललेली ओळ समोर येते. म्हणजे दुरुस्ती जाहीर झाल्यापासून तुम्ही अपडेट करेपर्यंतचा काळ हाच जास्त जोखमीचा.

आता एआयमुळे चुका सापडण्याचा वेग वाढतोय. ही साधनं दोन्ही बाजूंच्या हातात आहेत. चुका पटापट सापडल्या आणि दुरुस्त्या मात्र रेंगाळत पोहोचल्या, तर मधली दरी वाढणार.

मग घाबरायचं का?

नाही. एसक्यूलाइटमधल्या बहुतेक त्रुटींचा फायदा घ्यायला हल्लेखोराला आधी त्या डेटाबेसला थेट आज्ञा देता यावी लागते किंवा मुद्दाम बिघडवलेली डेटाबेस फाइल उघडायला लावावी लागते. नुसता फोन हातात असल्याने कुणी त्यात शिरत नाही. २०२२ च्या त्रुटीत तर प्रचंड आकाराचा मजकूर एका खास मार्गाने द्यावा लागत होता.

पण ‘लगेच धोका नाही’ म्हणजे ‘दुर्लक्ष करा’ असंही नाही. सामान्य माणसाच्या हातात ज्या गोष्टी आहेत, त्या साध्याच आहेत. सिस्टिम अपडेटची सूचना ‘नंतर’ वर ढकलत राहू नका. ॲपचं ऑटो-अपडेट चालू ठेवा. वर्षानुवर्षं अपडेट न झालेली, वापरात नसलेली ॲप काढून टाका. फॉरवर्ड होऊन आलेली अनोळखी एपीके फाइल बसवू नका. नवा फोन घेताना कॅमेऱ्याइतकंच ‘सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार’ हेही विचारा.

ज्यांचं दुकान, संस्था किंवा पतपेढी एखाद्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यांनी ते बनवणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. यात कोणत्या आवृत्तीचा डेटाबेस आहे? आणि आपल्या पावत्यांचे किंवा नोंदींचे क्रमांक कोणत्या आकड्याला संपतील? उत्तर पटकन मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

पुढची तारीख ठरलेली आहे

असा एक ओव्हरफ्लो तर तारीख-वेळ सांगून येतोय. अनेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले हे मोजून वेळ ठरवतात. ही मोजणी ३२ बिटांत असेल, तर ती संपते १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमधला ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार याच क्षणापर्यंतच्या तारखा ठेवू शकतो. वीस वर्षं मुदतीच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आजच २०३८ च्या पुढे जातो. त्यामुळे अशा तारखा कुठे आणि कशा साठवल्या आहेत, हे तपासायला २०३८ ची वाट पाहून चालणार नाही.

२००० साली ज्याने ३२ बिटांची जागा निवडली, त्याचा हिशोब तेव्हा बरोबर होता. तो पुन्हा तपासायचं मात्र बावीस वर्षं राहून गेलं. २०३८ च्या बाबतीत निदान शेवटची तारीख तरी सगळ्यांना आधीच माहीत आहे.